आरोपीनेच आखलेला तपास

पर्यावरण आणि पारदर्शकता या दोन विषयांवर उर्वरित जगाला प्रवचने देण्याचा मक्ता अमेरिकेने फार पूर्वीच घेतला आहे. त्या महासत्तेच्या उत्तर सीमेवर, सुपीरियर सरोवराच्या तळाशी, तिच्याच सैन्याने टाकलेली शेकडो पिंपे गेली साठाहून अधिक वर्षे पडून आहेत. ती टाकली गेली हे पापच. पण त्याहून उद्वेगजनक आहे तो त्या पापाच्या शोधाचा इतिहास. तपास कोणी आखावा, किती पिंपे वर काढावीत, त्यांत काय शोधावे आणि काय शोधू नये, हे सारे प्रदीर्घ काळ ज्यांनी पिंपे बुडवली त्यांच्याच हाती राहिले.

सुपीरियरचा विस्तार सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चतुर्थांशाहून अधिक. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका जलाशयात आहे. त्यात आलेले पाणी बाहेर पडायला सरासरी १९० वर्षे लागतात. आज जे त्यात मिसळेल ते पणतूच्या पणतूपर्यंत पोहोचेल. तिथली मूळ ओजिब्वे प्रजा या सरोवराला ‘गिची गामी’, अर्थात महाजल म्हणते आणि पाण्याला जिवंत मानते. जलाला देवता मानणाऱ्या समाजांना मागासलेले ठरवण्याची पाश्चात्त्यांची जुनी खोड आहे. सरोवरात कचऱ्याची पिंपे लोटणाऱ्यांना मात्र ते पुढारलेले म्हणतात!

१९५९ ते १९६२ या काळात अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने मिनेसोटा राज्यातील ‘ट्विन सिटीज’ दारूगोळा कारखान्यातून, हनीवेल कंपनीच्या लष्करी उत्पादनातून निघालेला कचरा भरलेली चौदाशेहून अधिक पिंपे डुलुथ शहराजवळच्या पाण्यात सोडली. त्या काळी नव्या असलेल्या क्लस्टर बॉम्बची रचना गुप्त राहावी, हे त्यामागचे कारण. डुलुथ हे शहर याच सरोवराचे पाणी पिते. तिथल्या नागरिकांना मात्र वर्षानुवर्षे काहीही सांगण्यात आले नाही. मच्छीमारांच्या जाळ्यांत पिंपे अडकू लागली, पुढे १९७० च्या दशकात वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कुठे कागद हलू लागले.

राष्ट्राच्या संरक्षणाला गुप्तता लागते, हे आम्हांला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. सैन्याच्या प्रत्येक कृतीकडे संशयाने पाहणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याची आमची इच्छाही नाही. परंतु शत्रूपासून राखलेली गुप्तता आणि स्वतःच्याच प्रजेच्या पिण्याच्या पाण्याविषयी पाळलेले मौन, यांना एकाच तागडीत कसे तोलता येईल? ज्या बॉम्बची रचना जगजाहीर होऊन कित्येक दशके उलटली, त्याच्या कचऱ्याची यादी दडवून कोणत्या सीमेचे रक्षण होते?

आता तपासाकडे वळू. १९९० ते १९९४ या काळात अभियंता दल आणि मिनेसोटा राज्याचे प्रदूषण नियंत्रण खाते यांनी मिळून अवघी नऊ पिंपे वर काढली. चौदाशेपैकी नऊ, शेकड्याला एकही भरत नाही. त्यांत बॉम्बचे धातूचे तुकडे, काँक्रीट, राख असला माल निघाला. एवढ्यावरून बाकी सर्व पिंपांतही तेच असणार, असा निष्कर्ष काढून प्रकरणावर पडदा टाकण्याची सिद्धता झाली. धान्याच्या कोठारात एकदा चिमटा घालून सर्व पोती निर्दोष ठरवणारा निरीक्षक आपल्याकडे असता, तर त्याच्यावर लाचेचा आरोप झाला असता. इथे त्याला वैज्ञानिक पाहणी म्हणतात.

हा पडदा पुन्हा उचलला तो विस्कॉन्सिनमधील रेड क्लिफ या ओजिब्वे जमातीने. १८५४ च्या ला पॉइंट करारान्वये या जमातीने भूमी सोडली, पण मासेमारीचा हक्क राखला. आणि विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सुपीरियर सरोवरातील तो हक्क मान्य केला. मासे ज्यांचे अन्न, त्यांना तळाशी काय आहे हे विचारण्याचा अधिकार आहे, ही सरळ भूमिका घेऊन जमातीचे प्रतिनिधी संरक्षण खात्यासमोर उभे राहिले. आदिवासींच्या भूमीवरील लष्करी प्रदूषण निवारण्यासाठी त्या खात्याचाच एक निधी आहे. तो त्यांनी मिळवला, पण तपासाची सूत्रे स्वतःकडे ठेवली. दंड भरणाऱ्याने पैसे द्यावेत, पंचनामा मात्र त्याने लिहू नये, हा त्यातला विवेक.

आधी जुने कागद धुंडाळले गेले, मग ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळ चाळून पिंपांचे ठाव निश्चित झाले, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात दूरनियंत्रित यान तळाशी उतरवून २५ पिंपे वर आणली गेली. त्यांपैकी २२ पिंपांत क्लस्टर बॉम्बमधील गोळे बाहेर फेकणारे भाग सापडले. त्यांत स्फोटक द्रव्य शिल्लक होते! ज्याला निरुपद्रवी भंगार म्हणून तीस-चाळीस वर्षे दाखवले गेले, त्यात पाण्याखाली अर्धशतक काढूनही स्फोटाचा धोका होता. या धोक्यामुळेच जितकी पिंपे काढायची होती तितकी काढता आली नाहीत. नंतरच्या पृथक्करणात पिण्याच्या पाण्याला वा माशांना तातडीचा धोका आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. आम्हांला भीती विकायची नाही. पण आज धोका नाही, हे सांगण्याचा अधिकार पंचवीस पिंपे उघडून पाहणाऱ्यांना आहे. नऊ पिंपांवर समाधान मानणाऱ्यांना तो नव्हता.

युरोपातील स्वित्झर्लंडची कथा याहून मोठी आहे. तिथल्या सैन्याने थून, ब्रिएंझ, ल्युसर्न या रम्य सरोवरांत हजारो टन जुना दारूगोळा बुडवला. १९४७ मध्ये मिटहोल्झ येथील भूमिगत कोठाराचा स्फोट होऊन नऊ जण दगावले, त्यानंतर तर जमिनीपेक्षा पाणी बरे, असाच विचार बळावला. त्या सरकारने निदान २०२४ मध्ये हा दारूगोळा वर कसा काढावा यासाठी ५०,००० फ्रँकांची खुली स्पर्धा जाहीर केली. सुचवलेले उपाय लगेच अमलात येणार नव्हते, हेही त्याच वेळी सांगितले गेले. तरी प्रश्न जनतेपुढे ठेवण्याइतके धैर्य त्यात होते.

सुपीरियरच्या बाबतीत पुढील तपास व्हायचा असेल तर त्याचा आराखडा प्रथम रेड क्लिफच्या आणि डुलुथच्या लोकांसमोर यावा. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक खेपेची नोंद खुली व्हावी. कोणते पिंप उचलायचे हे सोय पाहून ठरू नये. प्रत्येक खेपेच्या जागेवरून, फुटलेली आणि शाबूत अशी दोन्ही प्रकारची पिंपे त्यात असावीत. पिंपाखालचा गाळ तपासला जावा, कारण पत्रा गंजल्यावर आतले द्रव्य प्रथम तिथेच उतरते. आणि नमुने तपासणारी प्रयोगशाळा संरक्षण खात्याने निवडलेली नसावी. नऊ अधिक पंचवीस, एवढीच चौतीस पिंपे आजवरच्या या मोहिमांत वर आली. उरलेल्या साडेतेराशेहून अधिक पिंपांचा पत्रा १९६२ पासून अखंड गंजतो आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकात काय आहे हे डुलुथमध्ये नळ उघडणाऱ्या नागरिकाला आजही कोणी सांगू शकत नाही.