अनुग्रह नव्हे, भरपाई

उन्हाळ्याची सुटी लागली, की शहरातील पोहण्याच्या तलावांवर पहाटेपासून मुलांची झुंबड उडते. नद्यांची गटारे झाली, विहिरी बुजविल्या गेल्या. त्यामुळे सामान्य माणसाच्या मुलाला पाण्याची ओळख करून देणारे पालिकेचा तलाव हेच एक ठिकाण उरले आहे. या तलावांविषयी आम्हांस आस्था आहे. म्हणूनच तेथे घडणाऱ्या अपघातांची वासलात ज्या रीतीने लावली जाते, तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडी येथील तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. पाणी निर्मळ राखण्यासाठी ठेवलेला वायू पोहणाऱ्यांच्याच श्वासात शिरला. घटना मोठी होती, म्हणून तिची बातमी झाली. परंतु फुटक्या फरशीवर घसरून मोडलेले मनगट, खोलीचा आकडा पुसट झाल्यामुळे उथळ पाण्यात सूर मारणाऱ्या तरुणाच्या मानेला झालेली इजा, जीवरक्षक जागेवर नसताना गटांगळ्या खाल्लेले पोर, यांची वार्ता तलावाच्या फाटकाबाहेर जात नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये दादरच्या तलावात मगरीचे पिल्लू सापडले, तेव्हा वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले. निसरड्या फरशीच्या वाट्याला तेवढी शाई कधी आली नाही, हा दोष आमच्या व्यवसायाचाही आहे.

अपघातानंतरचा क्रम ठरलेला असतो. चौकशी नेमली जाते, ठेकेदारास नोटीस धाडली जाते, आणि प्रकरण फारच गाजले तर ‘सानुग्रह साहाय्य’ जाहीर होते. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. अनुग्रह हा देणाऱ्याच्या मर्जीचा असतो. भरपाई ही घेणाऱ्याच्या हक्काची असते. ज्याच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली, त्यानेच दात्याची भूमिका घ्यावी आणि इजा झालेल्याने हात जोडून उभे राहावे, हा प्रकार कायद्यास धरून नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. अपघाती मृत्यूबद्दल पती, पत्नी, आईबाप व मुले यांना भरपाई मागता यावी, यासाठीचा अधिनियम 1855 पासून आपल्याकडे आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसे दगावली. मनोरा पालिकेच्या ताब्यात होता आणि नीट राखलेला मनोरा आपोआप पडत नाही. तेव्हा निष्काळजीपणाचे अनुमान पालिकेविरुद्धच निघते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये दिला. हेच तत्त्व क्लोरीनच्या नळकांड्याला का लागू नसावे? 1995 मध्ये पंजाबातील एका शाळेच्या सहलीतील 14 विद्यार्थी बियास नदीत बुडाले. प्रत्येक मुलामागे 5 लाख रुपये भरपाईचा आदेश झाला, व 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

तलावाच्या प्रश्नाशी अगदी निगडित असा निर्णय तर महाराष्ट्रातलाच आहे. एका शिक्षणसंस्थेने आपला तलाव शुल्क घेऊन लोकांना खुला केला होता. तेथे पोहणे शिकण्यास घातलेला, आईबापांचा एकुलता एक मुलगा बुडून मरण पावला. संस्था व शिक्षक या दोघांच्याही सेवेत कसूर झाली, असे राज्य ग्राहक आयोगाने ठरविले, आणि 1995 मध्ये राष्ट्रीय आयोगाने तोच निर्णय उचलून धरला. पालिकेसारख्या वैधानिक संस्थाही मोबदला घेऊन सेवा देत असतील तर ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये, लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, सांगितलेले आहेच.

मग अडते कोठे? अडते ते मुदतीच्या उंबरठ्यावर. अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी मुदतीचा सर्वसाधारण कायदा दोन वर्षे देतो. परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 मध्ये, कायद्यानुसार केलेल्या कृत्यांबद्दल पालिकेवर दावा लावावयाचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा, असे बंधन आहे. मुंबईच्या 1888 च्या कायद्यातील कलम 527 याच धर्तीचे आहे. हा आक्षेप प्रत्येक प्रकरणी टिकतोच असे नाही. परंतु तो घेतला जातो, आणि त्यावरच्या वादात वर्षे निघून जातात. ज्या घरातले पोर गेले, त्या घराने सहा महिन्यांत वकील शोधावा, नोटीस धाडावी आणि मागणीच्या प्रमाणात कोर्टशुल्क भरावे, ही अपेक्षा निर्दय आहे.

ग्राहक आयोगाचा दरवाजा त्या मानाने उघडा आहे. 2019 च्या कायद्यान्वये तेथे दोन वर्षांची मुदत आहे, आणि सबळ कारण असल्यास उशीर क्षम्य होतो. आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. म्हणजे तलावाचे शुल्क काही शेकडे वा हजार असताना लाखांची तक्रारही जिल्हा आयोगापुढेच, आणि विनाशुल्क, दाखल होते. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. हे किती पालकांना ठाऊक असेल?

पालिकेचे वकील दुसरी बाजू मांडतील, आणि ती ऐकली पाहिजे. रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल राजकोटच्या पालिकेस 1997 मध्ये जबाबदार धरले गेले नाही. ‘उपहार’ चित्रगृहाच्या अग्निकांडातील भरपाईच्या भारातून दिल्लीच्या पालिकेस 2011 मध्ये वगळण्यात आले. परंतु झाडाखालून जाणाऱ्याकडून पालिकेने तिकीट घेतलेले नसते, आणि ‘उपहार’च्या बाबतीत ती मालक नसून देखरेख करणारी होती. येथे तलाव तिचा, शुल्क तिचे, जीवरक्षकही तिने वा तिच्या ठेकेदाराने नेमलेला. तलाव बांधणे हे पालिकेचे ऐच्छिक कार्य आहे, हे खरे. एकदा बांधून लोकांना आत घेतल्यावर त्यांच्या जीविताची काळजी ऐच्छिक राहत नाही.

‘पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे’ ही पाटी बहुतेक तलावांवर दिसते. पाण्याचा स्वाभाविक धोका पोहणारा पत्करतो, हे आम्हांस मान्य आहे. इंग्लंडमध्ये 1995 साली एका अठरा वर्षांच्या तरुणाने उद्यानातील तळ्याच्या उथळ पाण्यात सूर मारला व तो जन्माचा पंगू झाला. 2003 मध्ये तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा दावा फेटाळला. जाणत्या माणसाने उघड धोका आपखुशीने पत्करला असेल, तर त्यापायी सर्वांसाठी तळी बंद करणे योग्य नव्हे, असा त्या निर्णयाचा रोख होता. आम्हांस तो कठोर वाटला तरी अन्याय्य वाटत नाही. मात्र त्याच इंग्लंडात, निष्काळजीपणामुळे आलेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी धंदा चालविणाऱ्यास नुसत्या पाटीने झटकता येत नाही, असा कायदा 1977 पासून आहे. पुसट आकडा, उखडलेली फरशी, रिकामी खुर्ची हे धोके पोहणाऱ्याने पत्करलेले नसतात. आणि आठ वर्षांच्या पोराने काय पत्करावे?

भरपाई शेवटी करदात्याच्याच खिशातून जाते, असेही म्हटले जाते. इजा झालेलाही करदाताच असतो. आणि विमा उतरविला तर हा भार वर्षाकाठच्या हप्त्यात बसविता येतो.

विधिमंडळाने कलम 487 व कलम 527 यांतून शारीरिक इजेचे व मृत्यूचे दावे वगळावेत. तोवर नगरपित्यांना इतके तरी करता येईल : प्रत्येक तलावावर अपघात-नोंदवही ठेवावी आणि तिची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी इजा झालेल्याच्या हाती द्यावी. आज पुरावा असतो तो पालिकेच्या कपाटात, आणि तो मागावा लागतो तो पालिकेकडेच. ठेकेदाराशी होणाऱ्या करारात विम्याची अट घालावी, आणि कामावर असलेल्या जीवरक्षकाचे नाव फाटकापाशी फळ्यावर रोज लिहावे.

पालकांना आमची सूचना एवढीच, की तलावाच्या खिडकीवर मिळणारी पावती फेकू नये. मोबदला दिला होता, हे उद्या आयोगापुढे त्याच कागदावरून सिद्ध करावे लागेल.