उभ्या झाडाला भाव हवा

पोर्तुगालमध्ये बुचाचा ओक नावाचे झाड आहे. दर 9 वर्षांनी त्याची साल सोलतात. बाटल्यांची बुचे तिचीच. झाड उभेच राहते, खाली मेंढरे चरतात. जगातले निम्म्याच्या आसपास बूच हा एकटा देश पिकवतो. झाड तोडायला तिथेही परवानगी लागते. पण पैसा उभ्या झाडावर आहे, म्हणून कायदा जाचत नाही. झाड टिकले, त्यावरचे गरुडही टिकले.

आपल्याकडे बांधावर बाभूळ, लिंब, बोर, हिवर होते. बाभळीचे लाकूड औताला आणि गाडीला, शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला. ट्रॅक्टर आला, लाकडी औते गेली, झाडाचा भाव गेला. उरली फक्त सावलीत पीक दबल्याची तक्रार. मग कुऱ्हाड चालली यात नवल काय? तोट्यात झाड कोण सांभाळील?

पण झाडाबरोबर काय गेले तेही पाहा. हरभऱ्यात घाटेअळी आली की कृषी खाते सांगते, पक्षीथांबे उभारा. कोतवाल, साळुंकी त्यावर बसून अळ्या टिपतील. बांधावरची बाभूळ हा फुकटचा पक्षीथांबा होता. फवारणीला 5 टक्के निंबोळी अर्क सांगतात, आणि निंबोळी देणारा लिंब तोडून झालेला असतो.

कन्नडकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झाले, सुमारे 260 चौरस किलोमीटरचे. धावडा, पळस, साळई, अंजन ही आपलीच झाडे. बिबट्या, रोही, रानडुक्कर ही आपलीच जनावरे. ती जगावीत, याबद्दल दुमत नाही. पण रात्रीतून मका फस्त झाला, तर तो खर्च शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? अभयारण्य साऱ्या देशाचे, तर नुकसानही साऱ्या देशाचे.

आणि 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत अंजन, चिंच, मोह, आंबा आहेत. स्वतःच्या शेतातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. इथे पैसा तोडल्यावरच मिळतो आणि तोडीलाच अडसर. मग अंजनाचे रोप कोवळे असतानाच उपटणे शेतकऱ्याला सोयीचे वाटते. झाडे वाचवण्याचा कायदा असा झाडांच्याच मुळावर येतो.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडू या. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा मुदतीत आणि भरपाई पूर्ण. स्वतः लावलेल्या देशी झाडावर मालकाचा पूर्ण हक्क. निंबोळी, डिंक, शेंगा यांना रास्त भाव देणारी खरेदी. आपल्या बाजूने, यंदा बांधावर दोन देशी झाडे राखू. मात्र रानाचा शेजारी जगला, तरच रान जगेल, हे सरकारला ऐकवलेच पाहिजे.