सॅक दोघांची हवी!

‘बाळ झालं ना? मग आता पाच वर्षं ट्रेकिंग विसरा!’ नव्या आईबाबांना हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. माझं निरीक्षण जरा वेगळं आहे. ट्रेकिंग बाबाचं सुटत नाही, आईचं सुटतं. बाबा ग्रुपबरोबर राजमाचीला जाऊन फोटो दाखवतो आणि आई घरी लंगोटांच्या घड्या घालते. सो, बाळाला बसवायची ट्रेकिंगची सॅक, म्हणजे चाइल्ड कॅरियर घ्यायला निघाला असाल, तर पहिला फंडा हा: ती दोघांच्या पाठीला बसली पाहिजे.

दुकानात काय होतं? नवरा सॅक चढवतो, पट्टे ओढतो, ‘एकदम फिट!’ म्हणतो आणि बिल होतं. आमच्याकडे नवरा पाच फूट दहा इंच, मी पाच फूट दोन. त्याच्या मापाची सॅक मी घातली, तर कमरेचा पट्टा कमरेवर राहतच नाही आणि सगळा भार खांद्यांवर! म्हणून पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारंच मॉडेल घ्या. माप सोपं आहे. मान खाली घातल्यावर मागे जो मणका वर येतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. दोघांची मापं सॅकच्या रेंजमध्ये बसायला हवीत. आणि ट्रायल आधी कमी उंचीच्या व्यक्तीने घ्यायची!

आता वजनाचं गणित. बाळ १० किलो, फ्रेमची सॅक ३ ते साडेतीन किलो, दोन लिटर पाणी, वर डायपर, खाऊ, कपडे... झाले १६ किलो! कंपनी कमाल वजन सांगते, ते बऱ्याचदा २२ किलोच्या आसपास असतं. पण त्यात सामान आणि कित्येकदा सॅकचं वजनही धरलेलं असतं, तेव्हा लेबल नीट वाचा. युरोपचं ईएन १३२०९ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ२५४९ हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं असेल, तर उत्तम.

बाळाच्या बाजूने पाहायचं, तर ते आधाराशिवाय नीट बसायला लागल्याशिवाय ही सॅक नकोच. सहा महिने हा साधारण अंदाज, पण डॉक्टरांना विचारून घ्या. दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे आणि पावलं टेकवायला रिकिबी आहेत ना, ते बघा. पाय नुसते लोंबकळत राहिले की मुंग्या येतात. डुलकी लागली की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून समोर डोकं टेकवायला मऊ पॅड हवं. डोक्यावर उन्हाची कनातही हवीच. आपण चालून घामाघूम होतो, पण बाळ नुसतं बसून असतं. त्याला गार लागतंय की उकडतंय, हे मानेला हात लावून बघत राहायचं.

दोन सवयी आत्ताच लावून घ्या. काही उचलायचं असेल, तर कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. आणि करवंदीच्या जाळीतून जाताना लक्षात ठेवा, बाळाचं डोकं तुमच्या डोक्याच्याही वर आहे! सॅकला खालचा स्टँड असला, तरी बाळ आत असताना हात सोडायचा नाही.

पहिली ट्रायल बाळाशिवाय. १० किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधून दोघांनी आलटून पालटून वेताळ टेकडी करा. पाठ काय म्हणते, ते लगेच कळेल. मग बाळाला घेऊन हिवाळ्यातली एखादी सोपी, रुंद वाट. पावसाळ्यातले निसरडे कातळ आणि शिड्यांचे गड तूर्त बाजूला.

निघण्याआधी एक नियम मात्र घरीच ठरवा. ज्याच्या पाठीवर बाळ, त्याचा शब्द शेवटचा. ती ‘परत फिरूया’ म्हणाली, की फिरायचं, वाद नाही. गड कुठे पळून जातोय?