गळाला लागलेला मासा आणि आमची भूतदया

हल्लीं आमच्या सुशिक्षित मंडळींत एका नव्या पुण्याचा उदय झाला आहे. येलदरीच्या जलाशयावर सुटीच्या दिवशीं गळ टाकावयाचा, हातभर कटला लागला कीं त्याला छातीशीं धरून छायाचित्र काढावयाचें, आणि मग त्याला पाण्यांत सोडून कांठच्या भोयांकडे कींव करीत पहावयाचें: हे मारतात, आम्ही सोडतों! परवां परभणींत एका स्नेह्यांच्या घरीं असेंच एक छायाचित्र पुढें आलें व जमलेल्या मंडळींनीं त्या गृहस्थांच्या भूतदयेची वाहवा केली. आम्ही त्या वेळीं गप्प बसलों, याची आम्हांस लाज वाटते. म्हणून हा लेख.

मोठा मासा धरण्याची हौस जुनीच आहे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य आमच्या या प्रांतावर होतें, त्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यांत गळ, दोरी व आमिष यांचा सविस्तर विचार आहे. पण त्या राजानें या प्रकरणास ‘विनोद’ असेंच नांव दिलें. खेळाला खेळ म्हणण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्यापाशीं होता. १९४६ सालीं कबिनी नदींत १२० पौंडांचा महाशीर धरणाऱ्या व्हॅन इंजेन यांच्या पराक्रमाचें कौतुक अजून होतें. परंतु त्यास कोणी दया म्हटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

प्रतिपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. मोठी मादी फार अंडीं घालते, म्हणून तिला सोडल्यानें वंश टिकतो, हें खरें. कावेरीकांठच्या गळकऱ्यांनीं १९९८ ते २०१२ या काळांत धरून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या व त्या शास्त्रज्ञांस उपयोगी पडल्या, हेंही खरें. पण त्या नोंदींनीं दाखविलें काय? लोणावळ्याच्या मत्स्यबीजकेंद्रांत वाढविलेला दख्खनचा महाशीर सद्‌हेतूनेंच कावेरींत सोडण्यांत आला होता; तो तेथें फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा महाशीर मागें पडला. २०१८ सालीं त्या जातीची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. तात्पर्य, सोडणें हें स्वतःच पुण्य नव्हे. काय, कोठें व कशासाठीं सोडतों, हें पहावें लागतें.

आम्हींही तारुण्यांत पूर्णेच्या डोहांत गळ टाकलेला आहे. एक मोठा मासा बराच वेळ वाळूवर ठेवून, सर्वांस दाखवून, मोठ्या औदार्यानें सोडला. दुसऱ्या दिवशीं तो पोट वर करून कांठाला लागलेला होता. आम्हीं त्याला मारलेंही आणि खाल्लेंही नाहीं! भोयाच्या जाळ्यांत सांपडता तर निदान चार मुलांच्या पोटांत गेला असता.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ठेवावा कीं सोडावा हा प्रश्न दुसरा. गळ कां टाकला हा पहिला. स्वित्झर्लंडमध्यें सोडून देण्याच्याच हेतूनें मासा धरण्यास कायद्यानें मनाई आहे. यावर कोणी विचारील, “मग सगळेच मारावे काय?” मुळींच नाहीं. खावयाचा असेल त्यानें गरजेपुरता घ्यावा व अंड्यावर आलेली मादी सोडावी. नको तो मासा लागला तर ओल्या हातांनीं, शक्य तों पाण्यांतच, विनाविलंब मोकळा करावा. त्या वेळीं सोडणें हें कर्तव्य आहे, मिरविण्याचा विषय नव्हे. आणि ज्याला भूक नाहीं त्यानें गळच टाकूं नये.

मोठा मासा पाहण्याचीच हौस असेल, तर महाड तालुक्यांत वाळणकोंडास जावें. तेथें देवीच्या नांवानें राखलेल्या डोहांत महाशीर निर्भयपणें फिरतात. लोक त्यांना खाऊं घालतात, डोळे भरून पाहतात आणि घरीं जातात. तेथें मासा सोडून देण्याचें पुण्य कोणालाच लागत नाहीं, कारण त्याला धरलेलेंच नसतें.