दाढीचे पाते आणि कावीळ

बाजारच्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात गर्दी असते. एकाची दाढी झाली की पाते पाण्यात बुचकळायचे, टॉवेलला पुसायचे, की दुसरा गडी खुर्चीवर. वर एकच तुरटीची वडी सगळ्यांच्या गालांवर फिरते. तुरटीने रक्त थांबते, रोग थांबत नाही.

‘ब’ प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. तिचा विषाणू मोठा चिवट. अंगाबाहेर, वाळलेल्या रक्तातही तो निदान ७ दिवस टिकतो. डोळ्याला दिसणार नाही एवढे रक्त पुरते. ज्याच्या अंगात तो आहे तो माणूस पुष्कळदा धडधाकट असतो. तेव्हा “आमच्या गावात कुणाला कावीळ नाही” या म्हणण्यात अर्थ नाही.

जास्त जपायचे ते जावळाच्या वेळी. मोठ्या माणसाच्या अंगातून हा विषाणू बहुधा निघून जातो. वर्षाच्या आतल्या बाळांना लागला, तर १० पैकी ८-९ जणांच्या यकृतात तो कायमचा ठाण मांडतो. मामाने अंगडे-टोपडे आणताना नव्या पात्यांचे एक पाकीटही आणावे. या काविळीची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिली मात्रा जन्मल्यापासून २४ तासांत, पुढच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना.

“दादा, नवे पाते लावा” म्हणायला संकोच वाटतो खरा. वर्षानुवर्षांचा घरोबा असतो. मग पाते खिशातूनच न्यावे. आणि वापरलेले पाते झाकणाच्या डब्यात टाकायला सांगा. उकिरड्यावर टाकलेले पाते शेणखताबरोबर शेतात येते नि भांगलणाऱ्या बाईचा हात कापते.