सोळाचा पडतो? मग बत्तीसचा टाका!

घरातला एमसीबी सारखा पडायला लागला की आपल्याकडे ठरलेला उपाय असतो. वायरमन येतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "साहेब, सोळाचा आहे. बत्तीसचा टाकून देतो, परत कटकट नाही." आपण खूश! स्वस्तात काम झालं!!

मंडळी, हा शुद्ध गाढवपणा आहे.

एमसीबी गिझरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीमागे साधारणपणे २.५ चौरस मिमीची वायर असते. एमसीबी बदलला म्हणून ती जाड होत नाही. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट, आणि तीही भिंतीच्या आत, जिथे कोणी बघत नाही. आमच्या धंद्यातही एरर येते म्हणून तपासणीची ओळच कॉमेंट करून टाकणारे महाभाग आहेत. तिथे फार तर सर्व्हर बसतो. इथे घर जळतं.

"पण पडत नाही, म्हणजे ठीकच ना?" अजिबात नाही. मानकानुसार घरगुती एमसीबी १.१३ पट प्रवाहाला तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. आता २००० वॉटचा गिझर, १५०० ची किटली आणि १००० ची इस्त्री एकाच सर्किटवर लावा. ४५०० भागिले २३०, म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. सोळाच्या सव्वापटीच्या आसपास. एमसीबी बराच वेळ गप्प बसू शकतो. आणि बत्तीसचा? तो तर ३६ अँपिअरपर्यंत तासभर ढिम्म हलणार नाही.

"आमच्याकडे आरसीसीबी आहे हो!" असू दे. तो ३० मिलिअँपिअरची गळती पकडतो, शॉकपासून वाचवतो. ओव्हरलोड त्याला कळतच नाही.

तपासणी सोपी आहे, आणि त्यासाठी डीबीचं झाकण उघडायचं नाही, टेस्टर कुठे खुपसायचा नाही. दिवसा एकेक एमसीबी खाली करा (कॉम्प्युटर आधी नीट बंद करून, बरं का) आणि कुठले दिवे, कुठले प्लग बंद झाले ते कागदावर लिहा. एका सर्किटवर एकाच वेळी चालणाऱ्या वस्तूंचे वॉट त्यांच्या लेबलवरून बेरीज करा, २३० ने भागा. उत्तर एमसीबीच्या आकड्याजवळ गेलं, तर वस्तू आळीपाळीने चालवा किंवा वेगळी लाईन ओढून घ्या. मल्टीप्लग लावून सॉकेटची ताकद वाढत नाही. प्लग चटका देतोय, सॉकेट तपकिरी पडलाय किंवा जळका वास येतोय? मग हिशोब राहू दे. ती लाईन बंद करा आणि परवानाधारक वायरमन बोलवा.

आणि तो "मोठा टाकतो" म्हणाला, की एकच प्रश्न विचारा: मागे वायर किती चौरस मिमीची आहे? उत्तर आलं नाही, तर चहा पाजा आणि परत पाठवा.