जाळं तेच, नदी बदलली : गोदाकाठचा मासा का घटतोय?

राज्य मंत्रिमंडळाने 22 एप्रिल 2025 रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यात मच्छीमारांना शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळायची वाट त्यामुळं मोकळी झाली. गोदाकाठच्या भोई कुटुंबांसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण शेतीचा दर्जा आला की शेतीचा हिशेबही आला. घरात कितीही नड असली तरी आपण बियाण्याच्या थैलीला हात लावत नाही. नदीत मात्र दर पावसाळ्यात बियाणंच विकलं जातं.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. नदीला नवं गढूळ पाणी आलं की ते प्रवाहाच्या उलटे वर निघतात, म्हणून त्यांना चढणीचे मासे म्हणतात. जून-जुलैत धरलेली मादी चिरली तर पोट गाभोळीनं भरलेलं असतं. हे मासे धरायची रीत जुनीच आहे. नाल्याच्या तोंडाला बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचा, नाहीतर काठावरून फेकजाळं टाकायचं. तेव्हा नदी मोकळी होती. चार मासे सापडायचे, बाकीचे वर निघून जायचे.

आता पाथरीपासून पालमपर्यंत ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे उभे आहेत. त्यांच्यामुळं आमच्या उसाला पाणी मिळालं, ते नाकारून चालणार नाही. पण गेट खाली असलं की चढणारा मासा भिंतीला येऊन थटतो आणि तिथंच घोळका करतो. मग तेच आजोबांच्या वेळचं फेकजाळं एका फेकीत अंड्यावरचे मासे उपसतं. जाळ्याला दोष देऊन उपयोग नाही, जागा बदललीय.

जुन्या साधनांना एक आपोआप मर्यादा होती. सुताचं जाळं कुजायचं, वाळवावं लागायचं, फाटलं की विणत बसावं लागायचं. गळाला एका वेळी एकच मासा. तंगूसाचं जाळं पाण्यात दिसत नाही, कुजत नाही, रात्रभर लावून ठेवता येतं. मच्छरदाणीचं कापड ओढलं तर बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. म्हणून जाळं नवं की जुनं यापेक्षा त्याचा आस, म्हणजे भोक, केवढं आहे हे आधी बघावं. दोन वर्षांचा झाल्याशिवाय रोहू अंड्यावर येत नाही. त्याआधीच तो जाळ्यात आला तर पुढची पिढी कुठून येणार?

पण जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. हिंगणबेटाची फळं किंवा साल ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेला मासा वेचायचा, ही जुनीच पद्धत. आता त्या जागी फवारणीचं औषध आलं, एवढाच फरक. मरळीचं आणखी वाईट. मरळ आपल्या लालसर पिल्लांच्या घोळक्याखाली राखण करत फिरते. तो घोळका दिसला की तिथंच बेडूक लावून गळ टाकतात. आई-बाप गेले की पिल्लं इतर माशांचा घास होतात. एका गळानं अख्खी वीण जाते. वाम दगड-कपारीत आणि गाळाच्या बिळात राहते. तिची जागा वाळूच्या उपशानं जाते, तो विषय वेगळा (आणि त्यावर लिहिलं की फोन येतात).

यात फावतं ते चिलापीचं. तिला पूर लागत नाही. साचलेल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा वीण घालते आणि अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. बंधाऱ्याचं थांबलेलं पाणी तिला मानवतं, आणि पावसाळ्यातल्या मासेमारीचा फटका बसतो तो देशी माशांना.

समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. गोदाकाठी तसा बंद पाळलेला दिसत नाही. इंग्रजांनी 1897 सालीच मत्स्य कायदा करून पाण्यात विष आणि सुरुंग वापरायला बंदी घातली, जाळ्याचा आस ठरवायचा अधिकारही सरकारला दिला. आपला भाग तेव्हा निजामाकडं होता, पण आता ती सबब नाही.

सगळ्या नदीत बंद घालायची गरज नाही. बंधाऱ्याच्या खालचा थोडा पट्टा पहिल्या पुरापासून सहा आठवडे मोकळा ठेवला तरी फरक पडेल. त्या काळात मच्छीमाराची चूल कशावर पेटणार, हे मात्र सरकारनं आधी सांगावं, नाहीतर बंदी कागदावरच राहील. गेटचंही तसंच. खाली नांदेड जिल्ह्यात बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. ते पाणीवाटपासाठी आहे, माशांसाठी नाही. पण तारीख ठरवून गेट उघडता येतात, हे त्यातून दिसतं.

भंडारा-गोंदियात मनीष राजनकर यांच्यासोबत ढीवर बांधवांनी तलावात देशी पाणवनस्पती लावून देशी मासे परत आणायचं काम केलंय. आपल्याकडं गेट पाटबंधारे खात्याकडं, ठेके मत्स्यव्यवसाय खात्याकडं आणि वाळू महसूलकडं. या तिघांनी मे महिन्यात, पूर येण्याआधी, मच्छीमार सोसायट्यांना घेऊन एक बैठक लावली तरी पुढच्या मोसमाच्या तारखा ठरवता येतील.